दहातले दोन

वेलेनासीने वरंब्याच्या टोकाला कुदळ टेकवली आणि मागे वळून पाहिलं. सकाळपासून अकरा वरंबे झाले होते. माती इतकी सुकलेली होती की कुदळीचा घाव बसला की ढेकूळ उडून घोट्यावर यायचं. दोन्ही घोटे सोलवटले होते. तळहातावरचे जुने घट्टे दुखत नव्हते, पण अंगठ्याच्या बेचक्यात नवा फोड आला होता आणि घामाने तो चरचरत होता. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता, पाऊस अजून सुरू व्हायचा होता. डोंगराच्या उतारावरचं गवत कधीच जळून गेलं होतं आणि सगळ्या शिवाराला राखेचा वास होता.

पायवाटेवरून तिची तिओंगे पळत आली. पाच वर्षांची पोर, हातात सॅन्डल आणि पाय उघडे.

"आई, मला मका दे. दहा."

"भूक लागली असेल तर आंबा खा. झाडाखाली पडलेत."

"खायला नको. झोपवायला."

"कुणाला झोपवायला?"

"मक्याला. मॅडम म्हणाल्या, घरचं बियाणं आणा, दहा दाणे. आम्ही त्याला वाळूत झोपवणार. मग तो उठणार."

वेलेनासी हसली. बालवाडीची जेसिनाला मॅडम म्हणजे तिच्या चुलत मावशीची मुलगी. बारावीपर्यंत शिकलेली, परीक्षा विज्ञान घेऊन दिलेली, आणि आता चर्चच्या मागच्या गवती छपरात गावची तीस पोरं सांभाळणारी. पोरं तिच्याकडून रोज काहीतरी घेऊन घरी यायची. कधी बेडकाची अंडी, कधी मुंग्यांच्या वारुळाची बातमी.

"बियाणं मागायला सगळं गाव माझ्याकडे येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी येईल," वेलेनासी म्हणाली. "त्याच्या आधी मी माझ्या बापालासुद्धा दाणा देत नाही."

"तुझा बाप मेलाय."

"म्हणून तर देत नाही. चल."

स्वयंपाकघर घरापासून दहा पावलांवर वेगळं होतं. गावात सगळ्यांची स्वयंपाकघरं गवताने शाकारलेली, फक्त वेलेनासीच्या स्वयंपाकघरावर पत्रा होता. तिचा नवरा जोहान्सबर्गला होता. मे महिन्यात त्याने घरावर घालायला पत्रे पाठवले, त्यातले चार उरले. विकून टाक, असं दहा जणी म्हणाल्या. तिने ते स्वयंपाकघरावर घातले. दुपारी उन्हात ते असे चमकायचे की रस्त्याने जाणारी माणसं डोळ्यांवर हात धरायची.

ती उखळ पालथं घालून त्यावर चढली. चुलीच्या बरोबर वर, वाशाला, पानांच्या वेण्या घालून चाळीस कणसं टांगलेली होती. हा तिच्या आईचा मका. त्याच्या आधी आजीचा. पांढरा दाणा आणि त्यावर रक्ताचा शिंतोडा उडाल्यासारखे लाल ठिपके. पाकिटातून येणाऱ्या मक्याचं पीक जास्त यायचं, शेतात सगळे तोच लावायचे. पण हा मका पाकिटातल्या मक्याच्या तीन आठवडे आधी तयार व्हायचा. फेब्रुवारीत, घराघरातली कोठारं झाडून झालेली असताना, घरामागच्या चार वरंब्यांवर याचीच हिरवी कणसं असायची. त्या तीन आठवड्यांत गावातली पोरं याच्यावरच जगायची. म्हणून दर वर्षी पेरणीच्या आधी नऊ घरच्या बाया वेलेनासीकडे यायच्या आणि तीन-तीन कणसं घेऊन जायच्या. तिच्या आईकडे त्यांच्या आया यायच्या, तशाच.

तिने एक कणीस ओढून काढलं. साल गरम लागली, नुकतं विस्तवावरून उतरवल्यासारखी. तिने ती सोलली, दाणे उन्हाकडे धरून पाहिले.

"बघ," ती तिओंगेला म्हणाली, "एक किडा नाही. दर वर्षी दोन-चार कणसं तरी पोखरलेली निघायची. पत्र्याखाली किडा टिकतच नाही."

तिओंगेने दाणे मोजले. आठनंतर ती नेहमी घोटाळायची, म्हणून दोनदा मोजले. मग मुठीत घट्ट धरून ती पळाली.

*

बालवाडीत जेसिनालाने प्लास्टिकच्या बाटल्या मधोमध कापून ठेवल्या होत्या. पोरांनी ओढ्यातून आणलेली वाळू त्यात भरली. कुणाची बाटली कुठली हे कळावं म्हणून प्रत्येकाने आपली खूण चिकटवली. तिओंगेने निळं बटण. तिच्या शेजारी बसणाऱ्या झिओनेने कोंबडीचं पीस. झिओनेची आई वारलेली होती, ती अलिनेती आजीकडे राहायची आणि आजीसारखीच तोंडाने फटकळ होती.

"दाणा किती खोल?" जेसिनालाने विचारलं.

"बोटाच्या पहिल्या रेघेपर्यंत!"

"पाणी किती?"

"वाळू ओली, पण चिखल नाही!"

"आणि उकरून बघायचं का?"

"नाही!" तिसांनी एका सुरात सांगितलं. त्यातल्या निदान वीस जणांनी दुसऱ्या दिवशी उकरून पाहिलं.

शुक्रवारी सकाळी वाळू जागोजागी फुगली होती आणि दुपारच्या पेजेच्या वेळेपर्यंत हिरवी टोकं वर आली होती. पोरं पोटावर पालथी पडून बाटल्यांच्या कडेने बघत होती. झिओनेच्या बाटलीत दहाच्या दहा. कुणाच्या आठ, कुणाच्या नऊ. तिओंगेच्या बाटलीत वाळू, आणि निळं बटण.

"तिओंगेचा मका आळशी आहे," एक जण म्हणाला.

"पत्र्याच्या घरातला आहे ना," झिओने म्हणाली. "त्याला खाट लागते."

सगळी हसली. तिओंगेने बाटली मांडीवर घेतली आणि पेजेची वाटी तशीच ठेवली. पेज थंड होऊन वर साय धरली तरी तिने हात लावला नाही. जाताना तिने आपल्या झग्याचा घोळ बाटलीवर पांघरूण घातल्यासारखा ठेवून पाहिला, पण झगा काही काढता येईना.

सोमवारी तिच्या बाटलीत तीन कोंब होते.

जेसिनाला खाली बसली. कोंब वाकडे होते, एकाचं मूळ वाळूच्या वरच पडलं होतं आणि टोकाला सुकलं होतं. तिने शेजारच्या बाटलीकडे पाहिलं. पिसाच्या बाटलीत सात.

"तिओंगे, हे कधी आले?"

"आज."

"कुठून आले?"

तिओंगेने बराच विचार केला. "चालत आले."

"माझ्याकडून चालत गेले!" झिओने ओरडली. "मॅडम, ती चोर आहे!"

जेसिनालाने झिओनेला रागावू दिलं नाही आणि तिओंगेलाही रागावली नाही. तिने तीन कोंब अलगद उचलून पिसाच्या बाटलीत परत लावले, दोन्ही पोरींना ते धरायला लावून. मग तिने तिओंगेची वाळू एका ताटात ओतली आणि दहा दाणे वेचले. ते फुगून मऊ झाले होते आणि त्यांना आंबूस वास येत होता. तिने एक दाणा नखाने उभा चिरला. शेजारी कोरड्या पोत्यावर झिओनेने जास्तीचा आणलेला एक दाणा चिरून ठेवला. त्याच्या पोटात, टोकाशी, एक पिवळसर पांढरी जीभ होती. तिओंगेच्या दाण्यात ती जीभ तपकिरी झाली होती.

"बघा सगळ्यांनी. हात लावून बघा. वास घ्या. हा झोपलेला आहे," तिने झिओनेचा दाणा दाखवला. "आणि हा..."

"मेलाय," झिओने म्हणाली. तिला मेलेलं ओळखता येत होतं.

तिओंगे चिरलेल्या दाण्याकडे बघत राहिली.

"कुणी मारला?" तिने विचारलं.

"ते मलाही कळत नाही," जेसिनाला म्हणाली. "आपण शोधू." आणि मग तिच्या लक्षात आलं की शनिवारी नऊ बाया वेलेनासीच्या दारात टोपल्या घेऊन येणार आहेत.

*

त्याच दुपारी ती वेलेनासीकडे गेली. वेलेनासी अंगणात उखळापाशी होती. मुसळ दोन्ही हातांनी वर, मग खाली, आणि प्रत्येक घावाला छातीतून हुंकार. जेसिनाला वयाने लहान, म्हणून रीतीप्रमाणे गुडघे टेकून बसली आणि ओंजळीने दोनदा टाळी वाजवली. वेलेनासीने तिला पाण्याचा वाडगा आणून दिला.

"बोल मॅडम. पोरीने काही चोरलं काय?"

"तीन कोंब. पण त्यासाठी नाही आले. ताई, तुझं बियाणं उगवत नाहीये."

मुसळ थांबलं.

"दहातला एकही नाही आला. मी चिरून पाहिलं. आतून मेलंय."

"वाळू मेली असेल तुझी."

"त्याच वाळूत झिओनेचे दहाच्या दहा आलेत."

"मग पाणी जास्त घातलं असशील. पोरांच्या हातात बियाणं देतं का कुणी? लघवी केली असेल एखाद्याने."

"ताई, एकदा तू स्वतः बघ. पाच-सहा कणसांतले दाणे घे. शनिवारी त्या बाया येतील आणि तू..."

"शनिवारी त्या बाया येतील," वेलेनासी म्हणाली, "जशा माझ्या आईकडे यायच्या. तेव्हा तू जन्मली नव्हतीस. माझ्या आईने दुष्काळात झाडाची मुळं उकडून खाल्ली, पण चुलीवरच्या कणसाला हात लावला नाही. आणि तू अर्ध्या बाटलीत वाळू भरून मला सांगतेस, मेलं."

"बाटलीत असो की शेतात, दाणा तोच आहे."

"हे बाहेर कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. आणि पोरीच्या हातात मी परत दाणा देणार नाही. बेडूक मोजा तुम्ही."

जेसिनालाने वाडगा न पिता खाली ठेवला. दिलेलं पाणी न पिता उठणं बरं दिसत नाही. दोघींनाही ते कळलं. पायवाटेवरून जाताना तिच्या मागे मुसळाचे घाव पुन्हा सुरू झाले. आधीपेक्षा जोरात.

वेलेनासीने पीठ चाळून होईपर्यंत दम धरला. मग उखळावर चढून तिने पाच कणसांतून दोन-दोन दाणे काढले, चितेंज्याच्या, कमरेला गुंडाळायच्या कापडाची एक चिंधी ओली केली, दाणे त्यात गुंडाळले आणि ती पुरचुंडी कमरेच्या गाठीत पोटाशी खोवली. तिची आई संशय आला की असंच करायची. पोटाची ऊब सारखी असते, आणि तिथे कुणी बघत नाही.

*

मंगळवार, बुधवार, गुरुवार ती वरंबे ओढत राहिली. वाकली की पुरचुंडी पोटाला टोचायची. ओढ्यावर गेली की पाठ करून ती चिंधी भिजवायची, पण उघडायची नाही.

बुधवारी भर दुपारी शेतात नवऱ्याचा फोन आला. शेजारच्या शेतात दोघी कुदळ मारत होत्या, त्या ऐकत होत्या आणि न ऐकल्यासारखं करत होत्या.

"स्वयंपाकघर कसं आहे?" त्याने विचारलं.

"तू माझी चौकशी करायची सोडून स्वयंपाकघराची करतोस?"

"तुझीही करतोय. पत्रा गळत नाही ना?"

"गळायला पाऊस कुठेय?"

"इथे मी सगळ्यांना सांगतो, माझ्या बायकोच्या स्वयंपाकघराला पत्रा आहे. त्यांना खरं वाटत नाही. फोटो पाठव."

"पाठवते," ती म्हणाली. "बियाणं..." आणि थांबली.

"काय बियाणं?"

"काही नाही. एक किडा नाही म्हणत होते."

"बघ! मी म्हणालो नव्हतो?"

त्याच दिवशी बालवाडीत जेसिनालाने पेजेच्या पातेल्यावर झाकण ठेवलं होतं. पोरं अर्धवर्तुळ करून बसली होती. तिने झाकण उचलून तिरकं धरलं. खालच्या बाजूने थेंब घरंगळत आले आणि टपटप पडले.

"हे पाणी झाकणावर कुठून आलं? मी वरून ओतलं का?"

"वाफेचं!" दोन-तीन जण म्हणाले. बाकीच्यांनी झाकण चाटून पाहायला मागितलं.

"आमच्या स्वयंपाकघरात रोज असा पाऊस पडतो," तिओंगे म्हणाली.

"खोटं!" झिओने म्हणाली. "घरात पाऊस पडत नाही. आमच्याकडे फक्त काजळी पडते."

"पडतो. सकाळी आई न्सिमासाठी पीठ शिजवते तेव्हा. माझ्या मानेवर पडतो. गरम असतो."

जेसिनालाच्या हातात झाकण तसंच राहिलं.

"आणि तुमची कणसं कुठे टांगलीत, तिओंगे?"

"तिथेच," तिओंगे म्हणाली. "पावसात."

जेसिनालाने पोरांना पेज वाढली. त्या दिवशी तिओंगेला थांबवून तिने पुन्हा एकदा झाकण तिच्या हातात दिलं आणि दोघींनी मिळून थेंब मोजले. मग तिने विचारलं, "हे आईला दाखवशील? मी आले तर ती मला मुसळ दाखवेल."

*

शुक्रवारी दुपारी वेलेनासी स्वयंपाकघरात एकटी बसली होती. पुरचुंडी मांडीवर उघडी होती. दोन दाण्यांना कोंब फुटले होते, जेमतेम नखाएवढे. बाकीचे आठ बुळबुळीत झाले होते. तिने ते बोटांनी दाबून पाहिले, एक दातांखाली धरून पाहिला आणि थुंकला.

बाहेरून पत्रा उन्हाने टकटक वाजत होता. आत इतकं गदमदत होतं की तिच्या पाठीचा घाम थेट बसकुरावर ओघळत होता. तिला वाटलं, आपल्यावर कुणी करणी केली असेल. नऊ जणींची नावं तिने मनात घेतली. प्रत्येकीपाशी पत्र्याचा हेवा होता, पण मक्याला हात लावेल अशी एकही नव्हती. हे तिचं तिलाच माहीत होतं, म्हणून तिला जास्त राग आला.

तिओंगे आली. आईच्या मांडीवर काय आहे ते तिने पाहिलं आणि मोजलं.

"तुझे दोन आले! माझा एक पण नाही आला."

"जा, बाहेर खेळ."

"आई, कुणी मारला ते मला माहीत आहे."

वेलेनासीने मान वर केली. "कोण? कुणी सांगितलं?"

दुपारच्या न्सिमासाठी चुलीवर पाणी तापत होतं, ते आता उकळायला लागलं होतं. तिओंगेने दोन्ही हातांनी झाकण उचललं, मॅडमसारखं ते हवेत धरलं, थोडा वेळ थांबली, आणि मग आईच्या हातावर तिरकं केलं.

"अगं, भाजतंय!"

"हो ना," तिओंगे म्हणाली, आणि वर बोट दाखवलं.

वेलेनासीने वर पाहिलं. पत्र्याच्या खालच्या अंगाला, काजळीच्या थरावर, पाण्याचे मणी लागले होते. एक मणी फुगला, सरकला, वेणीवरून घरंगळला आणि कणसाच्या सालीत शिरला. मग दुसरा. आईच्या वेळी वर गवत होतं. धूर आणि वाफ दोन्ही गवतातून निघून जायचे, कणसाला फक्त कोरडा धूर लागायचा. मे महिन्यापासून मात्र रोज दोन वेळा कणसं उकडत होती आणि दुपारी वरून भाजत होती. त्यात किडा मेला. दाणाही मेला.

"घरात पाऊस पडतो," तिओंगे समजावून सांगत होती. "झिओनेला खरं वाटत नाही."

वेलेनासीने तिला जवळ ओढलं आणि तिच्या मानेवर हात ठेवला. मान ओली होती. तिथे बारीक लाल पुरळ होतं. रोज अंघोळ घालताना तिने ते पाहिलं होतं, आणि डासांवर ढकललं होतं.

*

शनिवारी सकाळी नऊ जणी आल्या. टोपल्या डोक्यावर, नवी कापडं कमरेला. त्यांतलीच अलिनेती आजी सगळ्यांच्या मागून काठी टेकत आली, सोबत झिओने. जेसिनालाही त्या नऊ जणींतच होती. तिच्या आईची टोपली दर वर्षी तीच आणायची. ती सगळ्यांच्या मागे बसली.

रीत अशी की देणारी पालथ्या उखळावर बसते आणि घेणारी गुडघे टेकते, ओंजळीने टाळी वाजवते, दोन्ही हातांनी कणसं घेते. उखळ अंगणात मधोमध ठेवलेलं होतं. वेलेनासी उभीच होती.

"बस गं, तिओंगेची आई," एक जण म्हणाली. "ऊन चढतंय. तुझ्या पत्र्याने आमचे डोळे जातील."

"बियाणं नाही," वेलेनासी म्हणाली.

"काय?"

"मेलंय. चाळीसच्या चाळीस कणसं. पत्र्याखाली उकडून मेलंय." तिने पुरचुंडी उघडून पुढे धरली. "दहातले दोन आले. हे मी तुम्हाला दिलं असतं तर तुम्ही लावलं असतं, आणि पंधरा दिवसांनी कळलं असतं."

एकीने टोपली डोक्यावरून उतरवली. दुसरीने वर पत्र्याकडे पाहिलं, मग खाली. ते पाहणं वेलेनासीला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"या बयेने मला सोमवारी सांगितलं," तिने जेसिनालाकडे हात केला. "मी तिला उखळापाशी बसवून ऐकवलं. पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही."

"मीच नाही प्यायले," जेसिनाला म्हणाली.

तेवढ्यात अलिनेती आजीने काठी जमिनीवर आपटली. "झिओने. घरी जा. चुलीवर चढ. कडेचा पोपडा सुटलाय, सांभाळ, पडशील. वाशावरची सगळी घेऊन ये."

"सगळी, आजी?"

"मला एकटीला काय चावायची आहेत? दात आहेत का?"

झिओने पळाली. तिओंगेही मागून पळाली. 

"तू कणसं का ठेवलीस?" वेलेनासीने विचारलं. "तू तर दर वर्षी माझ्याकडून नेतेस."

"नेते. आणि पिकलं की त्यातली चांगली निवडून धुरात ठेवते."

"का?"

"तुझ्या आईवर माझा विश्वास होता," आजी म्हणाली. "तुझ्यावर नव्हता."

आधी एक जण हसली. तोंडावर हात ठेवून, दाबून. मग दुसरी. मग सगळं अंगण हसायला लागलं, आणि वेलेनासीलाही हसू आलं. ते रडण्याच्या इतकं जवळ होतं की तिने कापडाच्या टोकाने तोंड पुसून घेतलं.

पोरी कणसं घेऊन आल्या. दहा होती. काळी, काजळलेली, सुकून हलकी झालेली. आजीने एक सोललं. पांढरा दाणा, लाल ठिपके.

"एकेकीला एक," आजी म्हणाली. "एक माझं. लावा, आणि यंदा हिरवी खायची नाहीत, पोरं कितीही रडली तरी. सगळी बियाण्याला. पुढच्या वर्षी तीन-तीन होतील." ती उखळाकडे चालायला लागली. तिला त्यावर चढायला दोघींनी हात दिला. नीट बसल्यावर तिने कापड सारखं केलं आणि वेलेनासीकडे पाहिलं. "आधी तू. तुझ्या घरचा मका आहे."

वेलेनासीने आयुष्यात कधी या अंगणात गुडघे टेकले नव्हते. तिने टेकले. माती तापलेली होती आणि सोलवटलेल्या घोट्यांना लागली. तिने ओंजळीने दोनदा टाळी वाजवली आणि दोन्ही हात पुढे केले. शेजारी तिओंगेनेही गुडघे टेकले होते, कुणी सांगितलं नसताना.

आजीने कणीस हातावर ठेवलं.

"आजी," तिओंगे म्हणाली, "हे जिवंत आहे का?"

"काय?"

"आधी दहा झोपवून बघायचे. मग घ्यायचं."

"वेलेनासी! तुझी पोर माझं बियाणं तपासणार?"

"तपासू दे, आजी," वेलेनासी गुडघ्यांवरूनच म्हणाली. "आमच्या घरात आता विश्वास नाही."

या वेळी आजीच सगळ्यांत जोरात हसली. हसता हसता तिला ठसका लागला. जेसिनालाने उठून पाण्याचा वाडगा आणला, आजीला पाजला, आणि उरलेलं पाणी सगळ्यांच्या देखत स्वतः प्यायली.

उठताना आजीने वेलेनासीच्या कानाशी तोंड नेलं. "आता डोंगरावर गवत नाही. जूनपर्यंत तुला छप्पर शाकारता येणार नाही. म्हणजे पीक आलं की तुझी कणसं माझ्याच धुरात टांगावी लागतील."

"हो."

"मग आठवड्यातून एकदा बघायला यावं लागेल. रिकाम्या हाताने येऊ नकोस. मला वाटाणे आवडतात."

*

पुढच्या गुरुवारी वेलेनासी बालवाडीत गेली. ओल्या चिंधीत आजीच्या कणसातले दहा दाणे होते. ती चटईवर पोरांमध्ये पाय पसरून बसली. तिसांनी तिच्याभोवती डोकी घातली, आणि चिंधी तिओंगेने उघडली. नऊ आले होते. झिओने दहावा शोधत होती आणि तो चिंधीच्या घडीत सापडला. त्यालाही कोंब होता.

आपल्या दोन कोंबांना मात्र वेलेनासीने आधीच स्वयंपाकघराच्या मागे, भांडी धुतलेलं पाणी जातं तिथे लावलं होतं. तिओंगेने त्यांच्याभोवती काट्या रोवल्या आणि एका काटीला निळं बटण बांधलं. पत्र्याखाली जे चाळीस कणसांना जमलं नाही ते या दोघांना कसं जमलं, असं तिने मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, काही दाणे जास्त चिवट असतात, कुठले ते आधी सांगता येत नाही.

त्यांतलं एक मक्याचं ताट जानेवारीच्या वाऱ्यात पडलं. दुसरं राहिलं. एकट्या ताटावर परागकण पुरेसे पडले नव्हते, त्यामुळे कणीस भरलं नाही. मधे मधे दाणे, मधे मधे रिकाम्या जागा. तिओंगेचे पुढचे दोन दात त्याच महिन्यात पडले होते. कणीस सुकल्यावर ते घेऊन ती एकटीच अलिनेती आजीच्या धुरकट स्वयंपाकघरात गेली. आत डोळे चुरचुरत होते. वर वाशाला दहा घरांची कणसं टांगलेली होती.

आजीने कणीस हातात घेऊन फिरवलं. मग पोरीच्या तोंडाकडे पाहिलं.

"हे कणीस कुणाचं ते सांगायची गरज नाही," ती म्हणाली. "दे. कुठे टांगू?"

"सगळ्यांच्या मधे," तिओंगे म्हणाली. "पण आधी मला दहा काढून दे."